फिट्स येणाऱ्या मुलांचं ऐकणं, समजणं आणि बोलणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी स्पीच थेरपिस्ट आहे, न्यूरोलॉजिस्ट नाही, त्यामुळे औषधाचा डोस मला विचारू नका, तो तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण फिट्स म्हणा, आकडी म्हणा, मिरगी म्हणा, हा त्रास असलेल्या मुलांच्या ऐकण्या-बोलण्याबद्दल आईबाबा, आज्या, शाळेतल्या टीचर असे सगळेच साधारण तेच तेच विचारतात आणि ओपीडीत नीट सांगायला वेळ पुरत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. प्रश्न जसे येतात तसेच ठेवलेत.

फिट्समुळे मुलाचा कान खराब होतो का?

नाही होत. फिट येते तेव्हा मेंदूतल्या पेशी एकदम आणि गरजेपेक्षा जास्त विजेचे संदेश सोडत असतात, त्यात कानाच्या पडद्याला किंवा आतल्या शंखाला काही इजा होत नाही. मात्र एकाच कारणाने फिट्स पण सुरू झाल्या आणि कान पण गेला असं होऊ शकतं. लहानपणी मेंदूज्वर झाला, जन्मल्यावर बाळ रडलं नाही, कावीळ खूप वाढली, पोटात असताना सीएमव्ही नावाच्या व्हायरसचं इन्फेक्शन झालं, यातल्या कशानेही दोन्ही होऊ शकतं. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, जेंटामायसिन किंवा अमिकासिन हे अँटिबायोटिक दिलं असेल तर ते काही बाळांच्या कानाला बाधतं. मेंदूज्वर होऊन गेलेल्या मुलाची कानाची तपासणी तर महिन्याभराच्या आत व्हायलाच पाहिजे, कारण त्यानंतर आतल्या शंखात हाड भरायला लागू शकतं आणि मग कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शंखात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, बसवायची वेळ आली तर फार अवघड होऊन बसतं. हे कुणी सांगितलं नसेल तर तुम्ही स्वतःहून विचारा.

कान चांगला आहे म्हणता, मग हाक मारली तरी बघत का नाही?

कारण कान फक्त आवाज आत पोचवतो. शंखातून नसेत, नसेतून मेंदूच्या देठात आणि तिथून वर कानशिलाच्या आत जो मेंदूचा भाग आहे, ज्याला टेम्पोरल लोब म्हणतात, तिथे तो आवाज जातो आणि तिथे ठरतं की हा कुकरच्या शिट्टीचा आवाज आहे, ही आईची हाक आहे, हा शब्द 'पाणी' आहे. बहुतेक माणसांत भाषेचं मुख्य काम डाव्या बाजूला चालतं. आता याच भागात एपिलेप्सीचे, म्हणजे फिट्सच्या आजाराचे, स्पाइक्स म्हणजे विजेचे नको असलेले झटके येत असतील तर आवाज पोचतो पण त्याचा अर्थ लागत नाही. तुम्हाला तमिळ येत नसेल आणि कुणी तुमच्याशी भरभर तमिळ बोललं तर जसं होतं तसं, ऐकू सगळं येतं, कळत काही नाही, आणि थोड्या वेळाने तुम्ही लक्ष देणंच सोडून देता. मूलही तेच करतं आणि आपण म्हणतो की ऐकत नाही, हट्टी झालंय.

हे घरी कसं ओळखायचं?

पक्कं निदान घरी होत नाही पण अंदाज येतो. आपण मुलाशी बोलताना नकळत हातवारे करतो, चप्पल आण म्हणताना चपलेकडे बघतो, आणि मूल आपल्या डोळ्यांवरून काम ओळखतं, त्यामुळे घरच्यांना वाटतं त्याला सगळं समजतं. म्हणून कधीतरी हात मागे घेऊन, नजर दुसरीकडे ठेवून, साध्या आवाजात सांगून बघा. चित्र दाखवून 'दार' आणि 'धार', 'पाट' आणि 'पाठ', 'बाजी' आणि 'भाजी' असल्या जोड्या विचारा. या जोड्यांमधला फरक सेकंदाच्या अगदी छोट्या तुकड्यात असतो आणि तो पकडायला मेंदूला फार चपळ असावं लागतं.

दुसरं म्हणजे आपली मराठी. आपल्याकडे सगळा अर्थ शब्दाच्या शेपटीत असतो. 'दादानं ताईला चिमटा काढला' आणि 'दादाला ताईनं चिमटा काढला' यात शब्द तेच, क्रम तोच, फरक फक्त नं आणि ला चा, आणि हे दोन्ही बोलताना हलके पडणारे आवाज आहेत. पाच-सहा वर्षांच्या मुलाने दोन बाहुल्या घेऊन हे करून दाखवायला हवं. त्याला फक्त दादा, ताई आणि चिमटा एवढंच कळत असेल तर ते दर वेळी अंदाज लावणार, कधी बरोबर कधी चूक. खोलीत शांतता असताना जमतं आणि टीव्ही लावला की जमत नाही, हेही लिहून ठेवा, ते माझ्या फार कामाचं असतं.

कानाच्या कुठल्या टेस्ट करायच्या?

ओएई, जी आतल्या शंखाचं काम बघते, बेरा, जी आवाज मेंदूच्या देठापर्यंत पोचतो का ते बघते, आणि मूल जरा मोठं असेल तर ऑडिओमेट्री, जिच्यात हेडफोन लावून टूं टूं आवाज ऐकवतात. सोबत पडद्यामागे पाणी साठलंय का ते बघायला इम्पिडन्स. सर्दी-कफ असलेल्या मुलांमध्ये ते पाणी भरपूर वेळा सापडतं आणि ते तर बरेचदा आपोआप जातं. आता लक्षात ठेवा, बेरा नॉर्मल म्हणजे आवाज मेंदूच्या देठापर्यंत नीट पोचतोय, एवढंच. त्याच्या वर काय चाललंय ते बेरा सांगत नाही. रिपोर्टवर नॉर्मल बघून घरी पेढे वाटलेले मी पाहिलेत आणि मूल तसंच न समजता बसलेलं.

मेंदूत आवाजाचं काय होतं ते बघणाऱ्या वेगळ्या टेस्ट असतात, दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे ऐकवतात, गोंगाटात शब्द ओळखायला लावतात, आवाजात मध्ये बारीक खंड पडला तो कळतो का बघतात. पण त्या साधारण सात वर्षांच्या पुढे नीट होतात, त्याआधी मूल कंटाळलं म्हणून चुकलं का कळलं नाही म्हणून चुकलं हे सांगता येत नाही.

छान बोलणारं मूल हळूहळू बोलायचं थांबलं. हे काय असू शकतं?

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त जागा देणार आहे कारण इथे उशीर महाग पडतो.

तीन वर्षांपर्यंत सगळं वेळेवर, गाणी म्हणतं, गोष्टी सांगतं, आणि मग साधारण तीन ते आठ वर्षांच्या दरम्यान कधी काही आठवड्यांत तर कधी काही महिन्यांत मूल हाकेला ओ देईनासं होतं, सारखं 'काय? काय?' विचारत राहतं, मग शब्द कमी होतात, उच्चार बिघडतात, शेवटी एखाद-दोन शब्द किंवा नुसते आवाज उरतात. यामागे लँडाउ-क्लेफनर सिंड्रोम असू शकतो. विल्यम लँडाउ आणि फ्रँक क्लेफनर या दोघांनी १९५७ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये अशा मुलांचं पहिल्यांदा वर्णन केलं. दुर्मिळ आहे, पण मुद्दा असा की ओळखलं नाही तर हातातून वेळ निघून जातो. यात आधी जातं ते समजणं, बोलणं नंतर जातं. आपल्या घरात मात्र बोलणं गेलं की मगच धावपळ सुरू होते, त्यामुळे 'ऐकत नाही' वाले महिने कुणाच्या लक्षातच राहिलेले नसतात. काही मुलांना तर दाराची बेल, फोनची रिंग, कुत्र्याचं भुंकणं हेही ओळखू येईनासं होतं, मग साहजिकच सगळे म्हणतात बहिरं झालं.

चिडचिड, मारामारी, एका जागी न बसणं हे पण बरोबर येतं आणि मला त्यात नवल वाटत नाही, काल कळत होतं ते आज कळत नाही म्हटल्यावर मोठा माणूसही भिंतीवर डोकं आपटेल. शिवाय हे दिवसागणिक बदलतं, सोमवारी दोन वाक्यं बोलला, गुरुवारी काहीच नाही, त्यामुळे घरच्यांना वाटतं मुद्दाम करतोय.

काही मुलांमध्ये जीआरआयएन-टू-ए नावाच्या जीनमध्ये बदल सापडतो, हे २०१३ मध्ये समोर आलं. सगळ्यांत सापडत नाही. कुणाच्या चुकीने होत नाही हे मात्र नक्की, मोबाईल दाखवला म्हणून नाही, आई नोकरीला जाते म्हणून तर अजिबातच नाही.

पण त्याला फिट कधी आलीच नाही!

चालतं. लँडाउ-क्लेफनरच्या साधारण चारातल्या एका मुलाला दिसणारी फिट कधीच येत नाही, आणि ज्यांना येते त्यांनाही बरेचदा रात्री, अधूनमधून, आणि ती औषधाने आटोक्यातही येते. बोलण्याची वाट लावतात ते झोपेत चालू राहणारे स्पाइक्स, बाहेरून काही दिसत नाही, मूल शांत झोपलेलं असतं. जागेपणी ऐकलेलं, शिकलेलं मेंदूत पक्कं बसवायचं काम गाढ झोपेत होतं आणि नेमकं तेव्हाच तिथे हा दंगा चाललेला असतो. डॉक्टर याला ईएसईएस किंवा सीएसडब्ल्यूएस म्हणतात, २०२२ पासून स्वास असं नवं नाव आलंय, फाईलवर कुठलंही दिसलं तरी घाबरून जाऊ नका, एकाच कुटुंबातले आहेत.

ईईजी केला, नॉर्मल आला. परत कशाला?

ईईजी म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेची नोंद. तो झोपेत केला का? हे आधी बघा. जागेपणीचा अर्ध्या तासाचा ईईजी या मुलांत जवळपास स्वच्छ येऊ शकतो आणि तेच मूल गाढ झोपलं की पट्टीभर स्पाइक्स दिसतात. ज्या मुलाची भाषा मागे गेलीय त्याच्यासाठी गाढ झोप मिळालेला ईईजी हवा, जमलं तर रात्रभराचा व्हिडिओ ईईजी. 'डॉक्टर, यात नीट झोप मिळाली का' एवढा प्रश्न विचारायला लाजू नका, रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा तसं लिहिलेलं पण असतं.

तयारी म्हणजे आदल्या रात्री उशिरा झोपवायचं, सकाळी लवकर उठवायचं, आणि सेंटरला नेताना रिक्षात-बसमध्ये डुलकी लागू द्यायची नाही, हे सगळ्यात कठीण. केस आदल्या दिवशी धुवा, तेल लावू नका, आजी लावणारच, तेवढं बघा. झोप यायला कधी मेलाटोनिन नाहीतर ट्रायक्लोफॉसचं सिरप देतात, ते सेंटरवाले सांगतील तसंच द्यायचं. चालू असलेलं फिट्सचं औषध स्वतःच्या मनाने चुकवायचं नाही.

डॉक्टर म्हणाले ऑटिझम आहे. मग?

असेलही. ऑटिझम असलेल्या मुलांना एपिलेप्सी असण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं, त्यामुळे दोन्ही बरोबर असू शकतं. फरक करताना वय बघतात. ऑटिझममध्ये आलेले शब्द जायचे असतील तर ते बहुतेक दीड-दोन वर्षांच्या आसपास जातात, तेव्हा मुळात शब्दच थोडे असतात. लँडाउ-क्लेफनरचं मूल त्याहून मोठं असतं, वाक्यं बोलत असतं, आणि शब्द गेल्यावरही बरेचदा नजर देतं, खुणा करून सांगतं, हाताला धरून नेतं. पण चिडकं झालं की हाही फरक पुसट होतो. माझं म्हणणं एवढंच की तीन वर्षांनंतर भाषा मागे गेली असेल तर कुठलंही लेबल लावायच्या आधी झोपेतला ईईजी व्हावा.

टीचर म्हणतात वर्गात लक्ष नसतं, अर्धवट ऐकतो. याचा फिट्सशी संबंध असेल?

असू शकतो, आणि हा प्रकार लँडाउ-क्लेफनरपेक्षा बराच जास्त आढळतो. अ‍ॅब्सेन्स सीझर्स म्हणतात त्याला, म्हणजे काही सेकंद भान हरपणाऱ्या फिट्स. चार ते दहा वर्षांच्या दरम्यान सुरू होतात, मूल बोलता बोलता, खाता खाता पाच ते वीस सेकंद थांबतं, डोळे एकटक, पापण्या फडफडतात, आणि मग काही झालंच नाही असं पुढे सुरू. दिवसातून कितीतरी वेळा. टीचरनी सांगितलं 'उद्या गणिताची वही आणू नका, मराठीची आणा', याच्यापर्यंत पोचलं 'उद्या गणिताची वही... आणा'. दुसऱ्या दिवशी ओरडा खातो आणि त्याला कळतच नाही का.

नुसता विचारात हरवलेला असेल तर खांद्याला हात लावला की भानावर येतो, अ‍ॅब्सेन्समध्ये येत नाही. ओपीडीत डॉक्टर तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, त्याने बऱ्याचदा फिट तिथेच समोर येते. औषध चांगलं लागू पडतं, पण सीझर्स थांबल्यावरही काही मुलांचं लक्ष कमीच राहतं. अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, जो २०१० मध्ये छापून आला, एथोसक्सिमाइड आणि व्हॅल्प्रोएट दोन्हींनी सीझर्स सारख्याच थांबल्या पण लक्षाचा त्रास व्हॅल्प्रोएटवर जास्त राहिला. तेव्हा फिट थांबली, आता अभ्यास का नाही करत म्हणून मागे लागू नका.

आम्हाला 'बिनाइन' रोलँडिक एपिलेप्सी सांगितली, मग काळजी नाही ना?

फिट्सची काळजी खरंच फार नाही. झोप लागल्या लागल्या किंवा पहाटे उठायच्या आधी येते, तोंडाची एक बाजू फडफडते, लाळ गळते, मूल जागं असतं, आपलं बोलणं त्याला कळत असतं पण तोंडातून शब्द फुटत नाही. सात वर्षांच्या आसपास सर्वात जास्त दिसते आणि सोळाव्या वर्षापर्यंत जवळजवळ सगळ्यांची जाते. पण बिनाइन, म्हणजे निरुपद्रवी, हा शब्द आता तज्ज्ञांनीच काढून टाकलाय. कारण यातल्या बऱ्याच मुलांना अक्षर-आवाज जुळवणं, वाचन, शुद्धलेखन, गोंगाटात ऐकणं हे जड जातं, फार नाही, थोडंसंच, म्हणून कुणी बघत नाही. बुद्धी चांगली, तोंडी उत्तरं चांगली, पण जोडाक्षरं आली की अडतं आणि श्रुतलेखनात ख चा क, भ चा ब. अशा मुलाची भाषा आणि वाचन एकदा नीट तपासून घ्या आणि दुसरी-तिसरीत परत बघा. थोड्या मुलांमध्ये झोपेतले स्पाइक्स वाढून वर सांगितलेल्या प्रकाराकडे सरकतं, म्हणून बोलण्यात किंवा मार्कांत अचानक घसरण झाली तर न्यूरोलॉजिस्टला लगेच कळवा.

फिट आल्यावर बराच वेळ बोलता येत नाही, वाचा गेली का?

परत येते. डाव्या बाजूच्या टेम्पोरल लोबमधून फिट आली असेल तर नंतर काही मिनिटं, कधी जास्त वेळ, शब्द सापडत नाहीत, चुकीचे शब्द येतात. 'माझं नाव सांग, मी कोण' असं दहा जणांनी विचारत बसू नका, कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, पाणी पाजू नका. पण घड्याळ बघून ठेवा, पहिला बरोबर शब्द किती वेळाने आला ते, कारण फिट मेंदूच्या कुठल्या बाजूची हे ठरवायला डॉक्टरांना त्याने खूप मदत होते. फिट पाच मिनिटांच्या वर चालली तर सरळ हॉस्पिटल.

तापात आकडी आली होती, भाषेवर परिणाम होईल?

साधी तापातली आकडी असेल, म्हणजे पंधरा मिनिटांच्या आत थांबली, त्या दिवसात परत आली नाही, अंगाच्या एकाच बाजूला नव्हती, तर नाही.

पोरगा म्हणतो कानात आवाज येतो, घुंई करतं. भास होतात का?

टेम्पोरल लोबमधल्या काही फिट्स अशाच सुरू होतात, काही सेकंद घुंई, गुणगुण, कधी आजूबाजूचा आवाज लांब गेल्यासारखा, आणि दर वेळी तेच आणि तसंच. काही कुटुंबांत हे पिढ्यांमध्ये चालतं आणि अशा काही माणसांना फोनच्या रिंगसारख्या अचानक आवाजाने फिट येते. किशोरवयात जास्त दिसतं. साधं कानातला मळही असू शकतो म्हणा, पण ईएनटीकडे सगळं ठीक निघालं तर हे न्यूरोलॉजिस्टला सांगा. बाहेरची बाधा वगैरे म्हणून कुठे नेऊ नका, नेणारच असाल तर निदान गोळी चालू ठेवा.

औषधांमुळेच बोलणं कमी झालं असेल का?

कधी कधी हो. टोपिरामेटवर शब्द पटकन आठवत नाहीत, मूल 'ते... ते आपलं ते' करत राहतं. फिनोबार्बिटोनने सुस्ती किंवा उलट चंचलपणा येतो. व्हॅल्प्रोएटने क्वचित ऐकू कमी आल्याच्या आणि औषध बंद केल्यावर परत सुधारल्याच्या नोंदी आहेत. कार्बामाझेपिनचं एक मजेशीर आहे, त्यावर काही जणांना सगळे सूर निम्म्या स्वराने खाली ऐकू येतात, बहुतेक नोंदी जपानमधल्या आहेत कारण तिथे सुरांचा कान पक्का असलेल्यांनी लगेच पकडलं. तुमची मुलगी गाण्याच्या क्लासला जात असेल आणि औषध सुरू झाल्यावर म्हणाली की पेटी खाली लागतेय, तर तिला वेड्यात काढू नका.

आणि एक महत्त्वाचं. झोपेत स्पाइक्स वाढणाऱ्या मुलांमध्ये कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन यांनी काही वेळा प्रकार आणखी बिघडतो, म्हणजे फिट कमी पण भाषा घसरली असं उलटं चित्र दिसतं. नवं औषध सुरू झाल्यावर बोलणं कमी झालं असं वाटलं तर तारखेसकट लिहा आणि डॉक्टरांना सांगा. पण स्वतः बंद करायचं नाही, एकदम बंद केल्याने न थांबणारी फिट येऊ शकते आणि ती जिवावर बेतते.

स्टेरॉइड द्यायचं म्हणतात, भीती वाटते.

साहजिक आहे. झोपेतल्या स्पाइक्ससाठी क्लोबाझाम, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासेटाम, सल्थियाम अशी औषधं वापरतात, पण भाषा परत आणायच्या बाबतीत बऱ्याच न्यूरोलॉजिस्टांचा भरवसा स्टेरॉइडवर असतो. काही महिने चालतं, कधी रोज, कधी आठवड्यातून काही दिवस. भूक खूप वाढते, तोंड सुजल्यासारखं गोल होतं, चिडचिड होते, बीपी-शुगर बघावी लागते, इन्फेक्शन लवकर होतं. घरात किंवा शेजारी टीबीचा पेशंट असेल तर सुरू करायच्या आधी सांगा, कांजिण्यांची साथ आली तर सांगा, लस घ्यायच्या आधी विचारा, एकदम थांबवू नका. गोल तोंड नंतर उतरतं. भाषा शिकायची वर्षं परत मिळत नाहीत, म्हणून मी तरी पालकांना घाबरून नाही म्हणू नका, दुसरं मत घ्या पण लवकर घ्या असंच सांगते.

ऑपरेशन असतं का?

एमआरआयमध्ये ठरावीक जागी दोष दिसत असेल आणि औषधं लागू पडत नसतील तर विचार होतो. भाषा कुठल्या बाजूला आहे हे आधी फंक्शनल एमआरआयने, क्वचित वाडा टेस्टने, म्हणजे मेंदूची एक बाजू थोडा वेळ औषधाने झोपवून, बघतात. लहान मुलांच्या मेंदूत भाषा डावीकडून उजवीकडे सरकू शकते, त्यामुळे लहान वयात झालेलं ऑपरेशन भाषेला बरेचदा झेपतं. फ्रँक मॉरेल यांनी मेंदूच्या वरच्या थरात बारीक छेद द्यायची पद्धत मांडली होती, ती लँडाउ-क्लेफनरसाठीही वापरली गेली, पण आता फार कमी वापरतात.

ऐकायचं मशीन लावू का?

कान नॉर्मल असेल तर नाही. मशीन आवाज मोठा करतं, आणि इथे तक्रार आवाज लहान असण्याची नाहीच. हौसेने हजारो रुपये घालून मशीन घेतलेली घरं आहेत, विकणाऱ्याने पण नको म्हटलेलं नसतं. मात्र गोंगाटात ऐकायला त्रास होणाऱ्या मुलाला रिमोट मायक्रोफोनचा उपयोग होऊ शकतो, टीचरच्या गळ्यात माइक आणि मुलाच्या कानात छोटा रिसीव्हर, ऑडिओलॉजिस्टने तपासून सांगितलं तरच.

खुणांची भाषा शिकवली तर बोलणं कायमचं बंद होईल ना?

नाही होणार. उलट समजायचा रस्ता कानातून बंद असेल तेव्हा डोळ्यांतून चालू ठेवावा लागतो. चित्रं, हाताच्या खुणा, भारतीय सांकेतिक भाषा आणि थोडं मोठं मूल असेल तर लिहिलेले शब्द. लँडाउ-क्लेफनरच्या काही मुलांना ऐकलेला 'आंबा' कळत नाही पण लिहिलेला 'आंबा' कळतो. बोलणं परत यायला लागलं की मुलं स्वतःच खुणा कमी करतात.

घरी मराठी बोलू का शाळेची इंग्लिश?

जी भाषा तुम्हाला स्वप्नात येते ती बोला. 'एकच भाषा ठेवा' हा सल्ला सर्रास दिला जातो आणि मला तो पटत नाही. दोन भाषांमुळे एपिलेप्सी वाढत नाही आणि भाषेचा दोषही तयार होत नाही. मोडकंतोडकं 'कम हिअर, ईट फास्ट' ऐकण्यापेक्षा आजीची चांगली मराठी ऐकलेली बरी. पुण्यात असो का दुबईत का न्यू जर्सीत, हेच.

घरी काय करायचं?

टीव्ही बंद करा, समोर बसा, छोटी वाक्यं, मध्ये थांबा. नुसता आवाज चढवून काही होत नाही. एका वेळी एकच काम सांगा. कळलं का असं विचारू नका, सगळी मुलं हो म्हणतात, त्यापेक्षा काय करायचंय ते मला सांग म्हणा. झोप वेळेवर, कारण कमी झोपेने फिट्स पण वाढतात आणि दुसऱ्या दिवशीचं ऐकणं पण बिघडतं.

शाळेत काय सांगायचं? सर्टिफिकेट मिळतं का?

पहिल्या बाकावर बसवा, पंख्याखाली किंवा खिडकीजवळ बसवू नका, सूचना फळ्यावर लिहून द्या, श्रुतलेखनाचे मार्क कापू नका. एवढं लेखी द्या आणि फिट आली तर काय करायचं तेही त्याच कागदावर.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांच्या यादीत एपिलेप्सी स्वतंत्रपणे नाही, पण वाचा आणि भाषा दोष आहे, अध्ययन अक्षमता आहे, कर्णबधिरत्व आहे. मुलाला यातलं जे लागू होत असेल त्याखाली तपासणी होऊन यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निघू शकतं. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती असतात, त्याची धावपळ दहावीच्या डिसेंबरात करू नका, नववीतच कागद हातात ठेवा.

बोलणं परत येतं का?

लँडाउ-क्लेफनरमध्ये फिट्स आणि स्पाइक्स किशोरवयापर्यंत बहुतेक जातात. भाषेचं तसं नाही, काही मुलं पूर्ण सावरतात, काहींना वाचन आणि गोंगाटातलं ऐकणं कायम जड राहतं, काहींचं बोलणं मर्यादितच राहतं. एरवी आपण म्हणतो की लहान मेंदूला इजा झाली तर तो लवकर भरून काढतो, इथे उलटं दिसतं, जितक्या लहान वयात सुरू झालं तितकं अवघड, कारण भाषा मुळात तयारच झालेली नव्हती. आणि झोपेतले स्पाइक्स जितकी वर्षं चालू राहतात तितकं नुकसान जास्त. थेरपी तेव्हाही चालू ठेवायची जेव्हा काही फरक दिसत नाहीये.

दाखवायचं कुठे, आणि जाताना काय न्यायचं?

आधी बालरोगतज्ज्ञ, मग लहान मुलांचे न्यूरोलॉजिस्ट आणि ऑडिओलॉजिस्ट-स्पीच थेरपिस्ट. खासगीत परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीमध्ये, म्हणजे मुलांच्या लवकर निदान-उपचाराच्या केंद्रात जा, अंगणवाडी किंवा शाळेत येणारं आरबीएसकेचं, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, पथक तिथे पाठवतं, अठरा वर्षांपर्यंत मोफत आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, वाचा-श्रवणाच्या तपासण्या तिथे होतात. ऑपरेशनसाठी तिरुवनंतपुरमच्या श्री चित्राला आपल्याकडचेही लोक जातात.

जाताना मुलाचे जुने व्हिडिओ न्या. वाढदिवसाचा, गॅदरिंगचा, 'शुभं करोति' म्हणतानाचा, तारीख दिसेल असा, आणि त्याच्या शेजारी या आठवड्यातला. फिटचा व्हिडिओ असेल तर तोही, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा. ईईजीचा नुसता रिपोर्ट नको, पूर्ण पट्टी किंवा सीडी मागून घ्या. आतापर्यंतची औषधं, सुरू केल्याच्या तारखांसकट, एका कागदावर. आणि मुलाला दिवसभर जे माणूस सांभाळतं ते सोबत न्या, आजी असो, मावशी असो किंवा पाळणाघरातल्या ताई.